कुलकर्णी मुद्दाम आऊट होतात

जून लागला की इथं आयर्लंडमध्ये, ट्रलीत, संध्याकाळ संपायचं नाव घेत नाही. दहा वाजत आलेले असतात, भांडी घासून झालेली असतात, आणि मागच्या अंगणात अजून पेपर वाचता येईल एवढा उजेड असतो. कुंपणावरच्या फ्यूशियाच्या झुडपांना लाल फुलांचे डूल लटकायला लागतात. समोरचे डोंगर घटकेत दिसतात, घटकेत ढगात जातात. या एवढ्या उजेडाचं करायचं काय, हे मला इतकी वर्षं इथं राहूनही कळलेलं नाही. पुण्यात आम्हा मुलांना दिवेलागण झाली की घरात हाकलत. इथं दिवेलागणच होत नाही, तर पोरीला कोणत्या तोंडानं झोपायला पाठवायचं?

यंदाही तो उजेड वेळेवर आला आणि मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवायला लागला. खरं तर तो रोजच आठवतो, कारण तो स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर आहे. प्रेस म्हणजे कपाट. इथले लोक तसंच म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. त्या दारावर चिकटपट्टीनं लावलेला एक कागद आहे, डाळ-तांदळाचे डबे काढताना हात लागून लागून मळलेला. त्यावर पाच नावं आहेत: सायकलवाले, मिशीवाले, लांब्या, गुरुजी आणि सगळ्यात खाली कुलकर्णी. यातला एकही माणूस मराठी नाही. हे पाचही जण अमेरिकेत फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात बेसबॉल खेळले, आणि त्यांनी किती रन काढले याचा हिशेब आमच्या घरात, आयर्लंडच्या एका टोकाला, माझ्या सासऱ्यांनी ठेवला.

सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, म्हणून आम्हीही. ते सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी गावच्या क्लबकडून ओपनिंगला जायचे. एका मोसमात जिल्ह्यात सर्वांत जास्त धावा त्यांच्या होत्या. त्याचा पितळी कप सांगलीच्या घरात टीव्हीच्या वर ठेवलेला आहे, आणि येणाऱ्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी तो बघावा लागतो. मी लग्न ठरवायला गेले तेव्हा मलाही दाखवला होता. तेव्हा सासूबाई, म्हणजे माई, आतून म्हणाल्या होत्या की कप यांचा, पण चिंचेनं घासते मी. सगळे हसले, मीही हसले. क्लबच्या पांढऱ्या पँटीवरचे गुडघ्याचे डाग, नीळ, इस्त्री, सामन्याच्या दिवशी पहाटेचा डबा, हे सगळं माईंकडे होतं. अण्णांना घरात साखरेचा डबा कुठं असतो तेही सांगावं लागायचं.

ते २०२० च्या सुरुवातीला आमच्याकडे एकटेच आले. माईंना विमानाची भीती नव्हती, थंडीची होती. तुम्ही पुढं व्हा, जरा ऊन पडलं की मी येते, असं त्या म्हणाल्या. ऊन पडायच्या आत सगळं जग बंद झालं. माई सांगलीत राहिल्या, अण्णा ट्रलीत अडकले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकमेकांशिवाय इतके दिवस राहिले.

इथं तेव्हा सत्तरीच्या पुढच्या लोकांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम झाला. त्याला सरकारनं नाव दिलं होतं, कोशात राहणं. अण्णांना ते नाव अजिबात आवडलं नाही. मंदार, माझा नवरा, इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तो ड्युटीवरून आला की मागच्या दारानं शिरून थेट न्हाणीत जायचा आणि रात्री सामान ठेवायच्या खोलीत वेगळा झोपायचा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्लिनच्या ऑफिसचं काम करत बसायची. आमच्या मुलीची, ईराची, शाळा बंद. आणि या सगळ्यात अण्णांच्या नशिबी तो उन्हाळा आला होता ज्यात क्रिकेटच नव्हतं. ते रोज सकाळी टीव्ही लावायचे, जुनेच सामने बघून बंद करायचे आणि खिडकीत जाऊन बसायचे. बाहेर आडवा पाऊस लागलेला असायचा. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेजारचा डेनिसही असाच कोशात. तो इथलाच, पण उभं आयुष्य अमेरिकेत बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलं, आणि म्हातारपणी परत आला. दोघे म्हातारे आपापल्या अंगणात, मध्ये दगडी गडगा. डेनिसचं इथल्या केरी परगण्याच्या वळणाचं इंग्रजी अण्णांना कळायचं नाही आणि अण्णांचं शाळामास्तरी इंग्रजी डेनिसला. मध्ये उभी राहून नऊ वर्षांची ईरा दोघांना एकमेकांचं सांगायची. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला लावलं की शेजारच्या डेनिससारखं इंग्रजी बाहेर पडतं. एके दिवशी अण्णांनी गडग्यापलीकडे क्रिकेटचं दुःख सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी डेनिसनं एक मोठं खोकं गडग्यावर ठेवलं. त्यात जुना व्हिडिओ प्लेअर आणि टेपच टेप. अमेरिकेत एका उन्हाळ्यात तो रात्रपाळीला होता, तेव्हा आपल्या आवडत्या संघाचे सामने टेप करून ठेवायचा आणि सकाळी बघायचा. एका आख्ख्या मोसमाचे निम्मे तरी सामने त्यात होते. मी ते खोकं डेटॉलनं पुसून काही दिवस शेडमध्ये ठेवलं. त्या वर्षी आपण काय काय पुसलं, आठवलं की हसू येतं.

पहिले दोन-तीन सामने अण्णांनी नाक मुरडत पाहिले. बॅट गोल, बोलर फेकतोय, टप्पा नाही, आणि चार कोपऱ्यांत चार पाट मांडलेले. बेसना ते पाटच म्हणायचे. पहिला पाट, दुसरा पाट, तिसरा पाट, आणि जिथून निघायचं तो मूळ पाट. नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं. सायकल हाणत निघाल्यासारखा वाकून पळतो ते सायकलवाले. झुपकेदार मिशा ते मिशीवाले. चष्मा लावून, शर्ट नीट खोचून येणारा एक जण थेट जिल्हा परिषदेच्या कचेरीतून उठून आल्यासारखा दिसायचा, ते कुलकर्णी. ईरानं ही नावं बिनतक्रार घेतली. “युवर मॅन कुलकर्णी इज अप नेक्स्ट,” ती म्हणायची. इथं कुठल्याही माणसाला युवर मॅन म्हणतात. अण्णाही मग माईंना फोनवर सांगायला लागले की आज युवर मॅन मिशीवाल्यांनी काय धुतलंय.

आणि अर्थातच हिशेब सुरू झाला. अण्णा सामना बघतील आणि जास्त रन कुणाचे ते मांडणार नाहीत, हे शक्यच नव्हतं. प्रेसच्या दारावर तक्ता लागला. एकच अट: हा मोसम कधीच संपलेला असला, त्याचा निकाल जगाला ठाऊक असला, तरी आपल्या घरात कुणी तो शोधायचा नाही. डेनिसलाही तंबी दिली होती. मंदार एकदा दारातून म्हणाला की टेप निम्म्याच आहेत, म्हणजे तुमच्या यादीला काही अर्थ नाही. अण्णा म्हणाले, आम्ही बघितले तेवढेच रन खरे.

आता जी चूक झाली ती फक्त सांगलीच्या माणसाच्याच हातून होऊ शकते. अण्णांनी रन मारणाऱ्याच्या नावावर टाकले. साहजिक आहे. क्रिकेटमध्ये ज्यानं फटका मारला, रन त्याचा. लांब्या चेंडू भिरकावून द्यायचा, आधीच पाटावर उभे असलेले दोघे धावत मूळ पाटावर यायचे, आणि अण्णा लांब्यापुढे दोन मांडायचे. काही आठवडे यादीत लांब्या सगळ्यांच्या वर आणि सायकलवाले जवळजवळ तळाला. मग एका सकाळी ईरानं तक्ता उचलून गडग्याजवळ डेनिसला दाखवला. त्यानं चष्मा लावून तो वाचला आणि हसत हसत गडग्याला टेकला. बेसबॉलमध्ये रन मारणाऱ्याचा नसतो. जो चारही पाट फिरून परत येतो, त्याचा असतो. मारणाऱ्याची वेगळी नोंद होते, पण रन ज्याचे पाय फिरले त्याचा.

 दुपारी अण्णांनी सगळ्या टेप पुन्हा लावायचा निर्णय घेतला आणि ईरा आनंदानं वेडी झाली. नवी यादी झाली तेव्हा सायकलवाले पहिले होते. रात्री हे सगळं माईंना सांगितलं. माई शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे तिथं पळणाऱ्याचं नाव लागतं होय? बरं आहे की.” अण्णांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. क्रिकेटमध्ये पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूसही प्रत्येक धावेला तितकाच पळतो, आणि फलकावर त्याच्यापुढे काही चढत नाही. इतकी वर्षं मी सामने बघत आले, हे कधी मनात आलं नव्हतं.

पण अण्णांचं खरं भांडण कुलकर्ण्यांशी होतं. सायकलवाले पहिले खेळायला यायचे आणि बहुतेक वेळा पहिल्या पाटावर पोचायचे. त्यांच्या मागून कुलकर्णी. कुलकर्णी बॅट उगारायचेच नाहीत. ऐनवेळी ती आडवी धरायचे, चेंडू हलकेच लागून पुढ्यात पडायचा, आणि आपण बाद होणार हे पक्कं माहीत असूनही ते पहिल्या पाटाकडे पळत सुटायचे. समोरचे लोक कुलकर्ण्यांना बाद करण्यात गुंतले की तेवढ्या वेळात सायकलवाले दुसऱ्या पाटावर. याला बंट म्हणतात. मग मिशीवाले किंवा लांब्या चेंडू लांब मारायचे आणि सायकलवाले मूळ पाटावर. रन सायकलवाल्यांचा. कुलकर्ण्यांपुढे भोपळा.

हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा अण्णा खुर्चीवरून अर्धे उठले. “मुद्दाम आऊट होतोय हा गडी? बॅट हातात हाय की, मारून तरी मर.” ओपनिंगला येऊन विकेट जपण्यात ज्याची जवानी गेली, त्याला हा धडधडीत गुन्हा वाटला. डेनिसनं गडग्यावरून समजवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, तो परत जातो तेव्हा बाकावरच्या लोकांकडे बघ. ईरानं टेप मागे घेऊन दाखवली. बाद होऊन आलेल्या कुलकर्ण्यांशी बाकावरचा एकूण एक माणूस हात मिळवत होता. अण्णा म्हणाले, ह्यात हात मिळवण्यासारखं काय केलंय ह्यानं.

मला ते दिवस आवाजांनी आठवतात. टेपची घरघर, माझ्या मीटिंगमधली कुजबुज, आणि बाहेरच्या खोलीतून अण्णांचा मराठी आणि ईराचा केरी वळणाचा आवाज एकाच वेळी कुलकर्ण्यांवर कावलेला. इडलीचं पीठ गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, हॉट प्रेसमध्ये, आंबायला ठेवलेलं असायचं. त्याचा वास सगळ्या घरात. ईरानं अण्णांना चहा करायला शिकवलं ते त्याच दिवसांत, दोन डावांच्या मधल्या वेळात. त्यांनी आयुष्यातला पहिला चहा केला आणि फोनवर माईंना दाखवला. माईंनी विचारलं, साखर कुठं सापडली?

जुलैत विमान मिळालं. अडकलेल्यांसाठी सोडलेल्या खास विमानात एक जागा. अण्णांनी बॅग भरायला काढली. वरवर काही बोलत नव्हते, पण सकाळी उठून दाढी करायला लागले, त्यावरून मी काय ते ओळखलं. माई तिकडे एकट्या होत्या आणि त्यांना माईंकडे जायचं होतं. आणि निघायला थोडे दिवस असताना मंदार पॉझिटिव्ह आला. पाठोपाठ मला ताप. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत बंद, खाली ईरा आणि अण्णा. डेनिस गडग्यावर सूप ठेवून जायचा. आम्ही अण्णांना जा म्हणालो. ते जा म्हणाल्यावर जात नव्हते आणि राहतो असंही म्हणत नव्हते. बॅग जिन्याखाली अर्धी उघडी पडून होती.

तेव्हा माईंचाच फोन आला. ईरानं तो स्पीकरवर लावला होता, म्हणून मला वर ऐकू आला. त्या म्हणाल्या की घाई करायचं काही कारण नाही. बहिणीचा बाळू माझ्याकडे राहायला आलाय, बाहेरच्या खोलीत झोपतो, भाजी आणतो, सोबत आहे. तुम्ही आता आलात तर उलट त्याची पंचाईत होईल. पोरांना बरं वाटू द्या, मग बघू.

जागा सोडली. आम्ही यथावकाश बरे झालो. त्या दिवसांत ईराच्या वेण्या अण्णांनी घातल्या, वाकड्यातिकड्या, आणि वरणभात, इडली, टोस्ट जे जमेल ते जिन्यावर ठेवलं. पण त्यांच्या मनाला काहीतरी लागलं होतं. एका संध्याकाळी अंगणात, अशाच न संपणाऱ्या उजेडात, ते मला म्हणाले, “तिला आता माझी गरज न्हाई वाटतं. बरं चाललंय तिचं.” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्यानंतर त्यांची आणि माईंची फोनवरची बोलणी लहान झाली. कुलकर्ण्यांवरचा राग मात्र वाढला. कुलकर्णी बॅट आडवी धरायच्या आतच हे ओरडायला लागायचे.

ऑक्टोबरात पुन्हा जागा मिळाली आणि अण्णा गेले. खोक्यात शेवटच्या काही टेप बघायच्या राहिल्या होत्या. सायकलवाले आणि मिशीवाले यादीत बरोबरीत होते. अण्णांनी ईराकडून वचन घेतलं की आपण दोघं मिळून बघू, तोवर हात लावायचा नाही. डेनिस गडग्यापाशी टोपी काढून उभा राहिला. गाडी वळेपर्यंत ईरा हात हलवत होती, आणि मग घरात येऊन तिनं प्लेअरवर टॉवेल झाकून ठेवला.

सांगलीला पोचून काही दिवस झाल्यावर अण्णांचा फोन आला. त्यांनी मंदारला नाही, मला नाही, ईराला मागितलं. मी पोळ्या लाटत होते, ऐकत होते. अण्णा सावकाश सांगत होते. सकाळी बाळूचा फोन आला होता, पुण्याहून. अण्णा परतल्याचं कळलं म्हणून चौकशीला. बोलता बोलता म्हणाला की सगळं बंद झाल्यापासून सांगलीला यायला जमलंच नाही, माईंना तोंड कसं दाखवू. बाळू आलाच नव्हता. बाहेरच्या खोलीत कुणी झोपत नव्हतं. माई फेब्रुवारीपासून त्या घरात एकट्या होत्या, भाजी स्वतः आणत होत्या, रात्री दार स्वतः लावत होत्या. अण्णांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “तिकडं जास्त गरज होती. दार लावायला मला येतंय की.”

 मग अण्णा म्हणाले, “ईरा, तुझ्या आज्जीनं बंट मारला गं.”

माझं लाटणं थांबलं.  ईरा तिच्या पद्धतीनं, डेनिस शाबासकी देताना जसं म्हणतो तसं, म्हणाली, “फेअर प्ले टू हर, आजोबा.”

मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले. माईंचा मला राग आला, आणि त्यांच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की त्याचं काय करावं ते कळेना. आम्ही ताप उतरून उठलो होतो, पोरीच्या वेण्या होत होत्या, आणि त्याची किंमत सांगलीत कुणीतरी एकटीनं, एका शब्दाची तक्रार न करता भरत होतं.

यंदा एप्रिलमध्ये तिकडच्या बातम्यांनी झोप उडवली. माईंनाही ताप आला. आम्ही इथून फोन हातात धरून बसण्याखेरीज काही करू शकत नव्हतो. पण अण्णा त्या घरात होते. त्यांनी पेज केली, औषधं दिली, अंथरुणाच्या चादरी धुतल्या. साखर कुठं आहे ते त्यांना आता ठाऊक होतं. माई उठल्या. बऱ्या व्हायला वेळ लागला, अजूनही जिना चढताना थांबतात, पण उठल्या.

आणि मग ऊन पडलं, उजेड लांबला, आणि ईरानं प्लेअरवरचा टॉवेल काढला. आता दर रविवारी दुपारी ती टीव्हीसमोर फोन उभा करते. तिकडे सांगलीत संध्याकाळ झालेली असते. अण्णा खुर्चीत बसतात आणि शेजारी माई, गुडघ्यावर शाल घेऊन. माईंना सगळे गडी पहिल्यापासून ओळखावे लागले. त्यांना मिशीवाले आवडतात.

गेल्या रविवारी शेवटची टेप लावली. डेनिसही आला होता, लस घेऊन झालेली, आता त्याला आमच्या सोफ्यावर बसता येतं. त्याला निकाल माहीत होता आणि तो तोंड घट्ट मिटून बसला होता. अजून बरोबरीच होती. शेवटच्या काही डावांत सायकलवाले पहिल्या पाटावर पोचले आणि कुलकर्णी आले, तोच चष्मा, तोच नीट खोचलेला शर्ट. मी फोनकडे पाहिलं. अण्णा ओरडले नाहीत. कुलकर्ण्यांनी बॅट आडवी धरली, चेंडू पुढ्यात टाकला, आणि बाद झाले.

अण्णा उठून उभे राहिले. क्रिकेटमध्ये शतक काढून परतणाऱ्यासाठी लोक उभे राहतात, तसे ताठ, आणि टाळ्या वाजवायला लागले. पण फोनकडे त्यांचं तोंड नव्हतं. ते माईंकडे वळून टाळ्या वाजवत होते. माई म्हणत होत्या की बसा, चहा सांडेल, हे काय भलतंच. तेही त्यांनी ऐकलं नाही. इकडे टीव्हीवर लांब्यानं चेंडू लांब भिरकावला, सायकलवाले वाकून पळत मूळ पाटावर आले, डेनिसनं मांडीवर थाप मारली, आणि ईरा पेन घेऊन प्रेसच्या दाराकडे धावली. एका रननं सायकलवाले पहिले.

ईरा परत येऊन बघते तर अण्णा अजून पाठमोरेच.

“यू मिस्ड इट, आजोबा,” ती म्हणाली.

“न्हाई गं,” अण्णा म्हणाले. “बघितलं की मी.”